बापाचा रकाना

माझ्या तोंडाला सगळं गाव भितं, हे मला ठाऊक आहे. खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमानच होता. गेली नऊ वर्षं मी, दैवशाला, गावची पशुसखी आहे. शेळ्यांना लस टोचते, जंताचं औषध पाजते, अडलेली शेळी सोडवते, आणि ज्याच्या गोठ्यात घाण दिसेल त्याची खरडपट्टी काढते. माणूस कितीही मोठा असो. म्हणून त्या मंगळवारी सकाळी मी बायकांच्या बचत गटाच्या खोलीत लॅपटॉप उघडला, 'शेळ्या' नावाच्या फाईलमध्ये शेळ्याच सापडेनात, आणि कमलबाई माझ्यापासून चार हात लांब जाऊन उभी राहिली, तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी चिडले की सगळेच तेवढे लांब उभे राहतात.

फाईलमध्ये फक्त लसीची यादी होती. एकतीस घरांची नावं, पुढं तारीख, पुढं 'टोचली' नाहीतर 'राहिली'. एवढंच. सहाशे बारा ओळी गेल्या होत्या. एकेक ओळ म्हणजे एकेक शेळी. तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, तिचं नाव, रंग, जन्मतारीख, आई कोण, बाप कोण, किती वेळा व्याली, एक दिलं की जुळी. नऊ वर्षं दर शुक्रवारी बसून मी ते भरलं होतं.

"कमल, काय केलंस गं हे?"

"लशीची यादी करायची हुती. नवी फाईल कशी उघडायची ते आठवंना. म्हनलं हितंच लिव्हावं."

"आन् जुनं?"

"ते पुसलं की. चुकून झालं गं."

कमलबाई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, पण आमचं अगं-तुगं. नऊ वर्षं आम्ही दोघी एकाच स्कूटीवरून फिरलो. ती शेळीचं तोंड धरायची, मी सुई टोचायची. माझ्या बाळंतपणात तिनं माझं डोकं चेपलंय, तिच्या सासूच्या मयताला मी चार दिवस तिच्या घरी राबलेय. तरी त्या दिवशी मी तिला एवढं बोलले की समोरच्या गिरणीतली माणसं दळण टाकून बाहेर आली. शेवटी मी म्हणाले, "येडाईची आन घेऊन सांग, चुकूनच झालं ना?" येडाई आमची येरमाळ्याची देवी, तिची आण कुणी खोटी घेत नाही. मी रागात म्हणाले होते, मनात काही नव्हतं.

"असल्या गोष्टीला येडाईला कशाला मधी आनायलीस?" ती म्हणाली आणि बाहेर गेली. मला वाटलं, बरोबर आहे तिचं.

एरवी मी एवढी हादरले नसते. पण पुढच्या बुधवारी पशुसंवर्धन खात्याची कमिटी येणार होती. आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळीचं नाव उस्मानाबादीच राहिलं, आणि त्या अस्सल वाणाचे कळप शोधून एका मोठ्या नोंदवहीत घ्यायचं ठरलं होतं. त्या वहीत एखाद्या गावाचा कळप लागला की त्या गावच्या पाटी, म्हणजे तरण्या शेळ्या, खाटकाकडं जात नाहीत, दूरदूरची माणसं पैदाशीसाठी मागून नेतात. त्यासाठी तीन पिढ्यांची आई-बापासकट नोंद हवी होती. आसपासच्या दहा गावांत अशी नोंद फक्त आमच्याकडं होती. फक्त माझ्याकडं. कमिटीच्या पत्रात खाली एक ओळ होती, पडताळणीसाठी दहा शेळ्यांचं रक्त घेतलं जाईल. ती मी वाचली आणि सोडून दिली. मला रक्ताची कसली भीती?

घाबरले तरी मी हातपाय गाळले नव्हते, कारण माझा पेनड्राइव्ह होता. दर शुक्रवारी काम झालं की मी फाईल त्याच्यावर उतरवते. आधीचीच्या जागी ही ठेवू का, असं लॅपटॉप इंग्रजीत विचारतो. मी 'येस' दाबते. नऊ वर्षांत एक शुक्रवार चुकवला नाही. घरी पळत जाऊन पेनड्राइव्ह आणला, लावला, उघडला. त्यात लसीची यादी होती. एकतीस नावं, 'टोचली', 'राहिली'. कमलबाईनं गुरुवारी पुसलं होतं, आणि त्या शुक्रवारी भरायला नवं काही नव्हतं, म्हणून फाईल न उघडताच मी माझ्या हातानं चांगल्यावर वाईट उतरवलं होतं. त्या क्षणी मला कमलबाईपेक्षा माझाच राग आला.

घरी आल्यावर मालकांना विचारलं, "अवो, जुन्या वह्या कुठं हैत?" माझे मालक महारुद्र. गटाचा पैदाशीचा बोकड, साडेतीन वर्षांपूर्वी आलेला राजा, आमच्याच अंगणात असतो. मी दिवसभर बाहेर, म्हणून कुणी शेळी घेऊन आलं की मालकच बोकड सोडायचे आणि खुंटीवरच्या वहीत लिहून ठेवायचे. तारीख, कुणाची शेळी, बिल्ल्याचा नंबर, बोकड राजा. राजाच्या आधीच्या दोन बोकडांच्या वेळीही तेच लिहायचे. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे. शुक्रवारी मी त्या वहीतलं बघून लॅपटॉपवर चढवायची. वही असती तर सगळं पुन्हा उभं राहिलं असतं.

"रद्दीत घातल्या की दिवाळीला," ते म्हणाले. "तूच म्हनलीस ना, घर साफ करा."

मी म्हणालेही असेन. मी साफसफाईच्या वेळी बरंच काही म्हणते.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप काखेत मारून धाराशिवला योगीराजच्या दुकानात गेले. तो कंप्युटर दुरुस्तीचं काम करतो, भला माणूस. दुपारपर्यंत त्यानं झटापट केली. पुसलेल्या फाईली शोधून काढायचा एक प्रोग्रॅम लावला, त्यातून लग्नपत्रिका निघाल्या, शेजारच्या आरोहीचा दहावीचा निकाल निघाला, माझ्या शेळ्या निघाल्या नाहीत.

"ताई, पुसलेलं सापडतं," तो म्हणाला. "पण तुमचं पुसलेलं न्हाय. त्याच जागी दुसरं लिहून झाकलंय. ते निघत न्हाय. कुणाला मेल केली हुती का कधी?"

तेव्हा शिवराज डॉक्टर आठवले. आमच्या दवाखान्यात होते, गेल्या वर्षी बदली होऊन लांब गेले. जायच्या आधी त्यांनी माझ्याकडून फाईल मेलवर घेतली होती, दुसऱ्या गावांना दाखवायला. फोन केला. डॉक्टर म्हणाले, "जुना मेल उघडत नाही हो, पासवर्ड विसरलोय. शोधतो. नक्की शोधतो." त्यांच्या 'नक्की'वर सहा दिवस काढणं मला शक्य नव्हतं. मी ठरवलं, घरोघर जायचं. फाईल पुसता येते, माणसांची आठवण थोडीच पुसता येते. एक दोनशेपानी वही घेतली, रकाने आखले आणि गुरुवारी सकाळी पहिलं घर धरलं, म्हाळसाबाईचं.

म्हाळसाबाई पंचाहत्तरीच्या असतील. पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या-मेंढ्या राखणारं घर. त्यांना अक्षर ओळखू येत नाही, पण कळपातली शेळी खोकली तरी कोणती ते न बघता सांगतात. मी ओट्यावर बसले, त्यांनी सुपारी कातरायला घेतली आणि घडाघडा सांगायला सुरुवात केली.

"ही चांदी. हिची आई बुगडी. बुगडीची आई मोरनी. मोरनीच्या आईला म्या माहेरातून आनलं, आंदनात. माज्या बापानं तिचा कान धरून माज्या हातात दिला हुता."

मी भराभर लिहीत होते. चार पिढ्या, एका दमात. मला एवढं बरं वाटलं की आल्यापासून पहिल्यांदा पाठ टेकवली.

"आता बापाचं सांगा काकू. चांदीचा बाप?"

म्हाळसाबाईंचा अडकित्ता थांबला. "कोनता सांगू? तुज्या कम्पुटरातला का खरा?"

म्हातारी चेष्टा करते आहे असं वाटून मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"म्हंजे?"

"तुला ठावं न्हाय?" आता त्याच घाबरल्या. त्यांनी सुनेकडं बघितलं. सून चुलीपाशी होती, तिनं मान खाली घातली ती वर केली नाही.

"काकू, सांगा. मी कुणाला काय बोलणार न्हाय."

"तू बोलनार न्हाईस?" म्हाळसाबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की दुसरी वेळ असती तर मी भांडले असते. मग त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "मग लिव्ह. चांदी कल्यानप्पाच्या बोकडाची. तिच्या दोनी पाटीबी त्याच्याच."

कल्याणप्पाचा आखाडा, म्हणजे शेतातली वस्ती, येडशीहून येरमाळ्याकडं जाताना रस्त्याला लागूनच आहे. त्यानं पंजाबकडून एक दांडगा काळा बोकड आणला होता. काळ्यात काळा मिसळला की रंगावरून काही कळत नाही. करडं मात्र थोराड होतात आणि त्यांचे कान लांबतात. मी उठून चांदीपाशी गेले. तिचे कान मी स्वतः मोजले होते. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'उंची चांगली, कान लांब'. डॉक्टरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की आमच्या निगराणीमुळं वाण सुधारतोय. डॉक्टर बिचारे शेळ्यांवर नाही, माझ्यावर विश्वास ठेवायचे. आता ते कान हातात धरून मी उभी होते आणि माझेच कान तापले होते.

मला वाटलं, हे एकच घर असेल. पुढच्या घरी बिभीषणला मी म्हणाले, "मला सगळं कळलंय. आता फक्त खरं सांगा." अंधारात टाकलेला खडा होता तो. बिभीषणनं सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं कळलं ताई. लई दिस मनात हुतं." आणि त्यानं चार शेळ्यांचे चार बाप सांगितले. सगळे कल्याणप्पाकडचे. वर चहा केला. सोमेशच्या घरी तेच. त्याच्या शेजारी तेच. दुपारपर्यंत मी नऊ घरं केली, आणि नऊही घरांनी मला खरं असं मोकळेपणानं सांगितलं की जणू मी त्यांची मोठी सोय केली. साडेतीन वर्षांतलं एकही करडू राजाचं नव्हतं. मला वाटायचं मी प्रत्येक गोठ्यातलं जाणते. त्या गोठ्यांतली लहान पोरंसुद्धा माझ्यापेक्षा जास्त जाणत होती, आणि मी आले की गप्प बसायची.

वही मिटली आणि तडक कमलबाईचं घर गाठलं. ती अंगणात हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती. माझ्या तोंडाकडं बघून तिनं सूप बाजूला सारलं.

"चुकून न्हाय झालं ना, कमल?"

"न्हाय."

एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं.

"रगत काढनार हुते," ती म्हणाली. "तुज्या यादीत बाप राजा, आन् रगतात पंजाबचा. सगळ्या जिल्ह्यापुढं तुला लबाड म्हनले असते. यादी गेली म्हनलं तर चूक झाली, मानसाकडनं होती. म्हनून पुसली."

"आन् पेनड्राइव्ह?"

ती खाली बघायला लागली. "त्या सुक्रवारी भरायला काय नव्हतं. तसल्या सुक्रवारी तू न बघता उतरवतीस, ते मला ठावं हुतं."

हे मला सगळ्यात जास्त लागलं. पुसायला तिनं माझाच हात वापरला होता. माझी चांगली सवय तिला पाठ होती, आणि तिचा असा उपयोग तिनं केला.

"साडेतीन वर्सं माझ्या मागं स्कूटीवर बसत हुतीस. एकदा तरी सांगायचं."

"कसं सांगू?" आता तिचाही आवाज चढला. "सोमलिंगच्या बायकूनं एकदा भायेरचा बोकड लावला तर तू तिला भर गटात काय काय बोललीस? सा म्हैने तिच्या दारात लस नेली न्हाईस. तिची दोन करडं मेली, दैवशाला. त्या दिवसापासनं कोन तुला खरं सांगंल? समद्या बायका मलाच म्हनायच्या, तिला नगं सांगू, कमळे. म्या कुनाचं ऐकू?"

ती करडं मेली तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पण ते मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, आणि मनात ठेवलेल्या वाईट वाटण्याचा कुणाला काय उपयोग?

तरी माझा राग गेला नाही. माझी चूक होती तर तोंडावर सांगायचं होतं. मी ओरडले असते, दोन दिवस बोलले नसते, मग ऐकलं असतं. मला भिऊन सगळ्यांनी मिळून मला येडी बनवली, आणि वर माझ्याच भल्यासाठी केलं म्हणतात. मी निघाले तशी ती मागून म्हणाली, "आमी दोघांनी ठरवलं ते."

"दोघं कोन?"

तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. "वह्या रद्दीत गेल्या का चुलीत, ते घरी इचार."

घर लांब नाही, तेवढ्या वाटेतच मला सगळं जुळलं. राजा बोकड, राजाची वही, वहीतलं मोत्यासारखं अक्षर. गावातली माणसं माझ्याशी खोटं वागली खरी, पण त्यांनी काही लिहिलं नव्हतं. लिहिणारा एकच होता.

मालक राजापुढं बाभळीच्या शेंगा टाकत होते. मी वही त्यांच्यासमोर धरली. त्यांनी एक पान वाचलं, दुसरं उलटलंच नाही.

"पहिल्याच उन्हाळ्यात त्याला ताप आला हुता," ते म्हणाले. "तू पंधरा दिस ट्रेनिंगला गेली हुतीस. म्हनलं उतरंल, फोन न्हाय केला. तापानं त्याचं बी मेलं. त्यानंतर शेळ्या उलटाय लागल्या. आकरा उलटल्या. गाभनच राहीनात."

"मग मला सांगायचं ना!"

"काय सांगू? बोकडासाठी तू हाफिसात सात चकरा मारल्यास. सायबाच्या दारात बसलीस. त्याचा फोटू काढून भिताडाला लावलास. ताप आला तवाच का न्हाय सांगितलं म्हनून तू मलाच धरलं असतंस. एक लपवलं, म्हनून दुसरं लपवावं लागलं. मानसं इचारायची, शेळी माजावर आलीय, काय करू? म्या म्हनायचो, कल्यानप्पाकडं जावा, वहीत म्या लिव्हतो."

"आन् मी ते टायपायची."

त्यांनी उरलेल्या शेंगा राजापुढं सारल्या.

"दर सुक्रवारी तुमी माझ्यापुढं वही ठेवायचा. चहा करून आनायचा. मी एकेक खोटं नीट बघून, नंबर पुन्यांदा तपासून टायपायची, आन् तुमी चहा पीत बघत बसायचा. माझ्यावर ओरडायचं हुतं, मारायचं हुतं, पन हे का?"

"तुजं मन मोडू ने म्हनून," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या पाण्याची दया आली नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. सगळी घरं पुरी केली, पण आमच्या काजळीची ओळ तेवढी मी कोरी ठेवली. काजळी माझी स्वतःची. माझ्या उशापाशी जन्मलेली, बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. तिच्या नावापुढचा बाप मी कुणाला विचारला नाही.

मंगळवारी दुपारी फोनवर शिवराज डॉक्टरांचा मेसेज आला. 'सापडली! पूर्ण आहे, गेल्या वर्षापर्यंतची.' खाली फाईल. मी ती लॅपटॉपवर घेतली आणि उघडली. माझे सगळे रकाने होते. आई हिरव्या रंगात, बाप पिवळ्या. ओळीमागून ओळी, एकही जागा रिकामी नाही. एवढी सुंदर दिसत होती ती की मी थोडा वेळ नुसती बघत बसले. आठ दिवस मी हिच्यासाठी जीव काढला होता, आणि तिच्यातला राजा आल्यापासूनचा बापाचा रकाना साफ खोटा होता.

मालक दारातूनच म्हणाले, "दहाच शेळ्यांचं रगत काढनार हैत. आपुन म्हाताऱ्या शेळ्या म्होरं करू. त्या सुलतानच्या हैत, राजाच्या आधीच्या. कुनाला काय कळनार न्हाय. यादी दे, दैवशाला. गावाचं नाव लागंल. तुजंबी."

खोटं कशाला सांगू, मला ते पटलं होतं. त्यांच्याशी बोलणं टाकलेलं होतं, पण मनात मी म्हाताऱ्या शेळ्या मोजूनही टाकल्या. बरोबर तेरा भरत होत्या.

बुधवारी कमिटी आली. तिघं जण होते, मोठ्या होत्या त्या चष्मेवाल्या मॅडम, बोलायला मऊ. गटाच्या खोलीसमोर सगळं गाव जमलं होतं. म्हाळसाबाई चांदीला घेऊन पुढं बसल्या होत्या. कमलबाई मागं खांबाला टेकून उभी होती. मालकांनी तेरा म्हाताऱ्या शेळ्या एका दोरीला बांधून अगदी दारात आणल्या होत्या. मी लॅपटॉप उघडला. मॅडमनी वाकून बघितलं.

"अरे वा! एवढी नीट नोंद मी कुठल्याच गावात नाही बघितली. कुणी ठेवलीय?"

"मी," मी म्हणाले, आणि तो शब्द तोंडातून निघाल्यावर मला कळलं की पुढचं आपल्याला जमणार नाही. मला लबाड ठरवायचं नाही म्हणून या सगळ्यांनी एवढं केलं, आणि आता मी हसून मान डोलावली की मी खरोखरच लबाड होणार होते.

"मॅडम, यातला आईचा रकाना खरा हाय. बापाचा खोटा हाय," मी म्हणाले. "गेल्या साडेतीन वर्सांचा सगळा."

मॅडमनी चष्मा काढला. "मग तुमच्या कळपाची नोंद आम्हाला घेता येणार नाही ताई. तुम्हाला कळतंय ना? नवा अस्सल बोकड आणून पुन्हा तीन पिढ्या जायला हव्यात."

"कळतंय."

"यावर काय करणार तुम्ही?"

"खरं भरनार. तुमी हाय तवरच."

मी तो पिवळा रकाना राजा आल्याच्या तारखेपासून खालपर्यंत धरला आणि पुसला. पडद्यावर एक लांबलचक पांढरी पट्टी राहिली. मग वही उघडली, पण वहीतलं वाचलं नाही. शेळीचं नाव घेतलं आणि ती ज्याची, त्याच्याकडं बघितलं.

"चांदी. आई बुगडी. बाप?"

"कल्यानप्पाचा," म्हाळसाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. मी लिहिलं.

"बिभीषणची सोनी. बाप?"

बिभीषण उभा राहून म्हणाला. सोमेश म्हणाला. सोमलिंगची बायको म्हणाली, ती माझ्या डोळ्यात बघून म्हणाली, आणि मी मान खाली घातली. एकेक जण असं बोलत गेला. कमिटीची माणसं गाडी सुरू करायची सोडून ऐकत थांबली होती. कमलबाईची पाळी आली तेव्हा ती खांबापासूनच म्हणाली, आणि तिचा आवाज मला ओळखू आला नाही. तासभर तरी गेला असेल. शेवटी एकच ओळ राहिली.

"काजळी," मी म्हणाले. "आई झुंबर. बाप?"

मालक दारात दोरी धरून उभे होते. गावातल्या प्रत्येकाला उत्तर ठाऊक होतं, आणि प्रत्येक जण त्यांच्याकडं बघत होता. मी बोटं तशीच ठेवून वाट बघितली. दुसऱ्या कुणाचं उत्तर मी लिहिणार नव्हते.

त्यांनी दोरी खाली ठेवली. "कल्यानप्पाचा," ते म्हणाले. "म्याच नेली हुती तिच्या आईला. तू येरमाळ्याला जत्रंला गेलतीस त्या दिवशी."

मी लिहिलं. फाईल बंद करताना लॅपटॉपनं विचारलं, आधीचीच्या जागी ही ठेवू का. मी 'येस' दाबलं. नऊ वर्षांत मालकांनी वहीत न लिहिता तोंडानं सांगितलेली ती पहिलीच नोंद होती.